ऑरेलिओ मास्तरांचे डोळे

आमच्या घरचा देव्हारा इटालियन होता. बर दुबईत, देवळाच्या गल्लीपासून दोन मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत, फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या जागेत अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि आईच्या माहेरचे टाक दोन नक्षीदार रोमन खांबांमध्ये बसलेले असत. वर द्राक्षांच्या घडांची महिरप होती. सगळं प्लॅस्टरचं आणि सगळं उरलेलं. बाबा एका इंटीरियर करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते, आणि दुबईतल्या पैसेवाल्यांना आपण इटलीत राहतो असं वाटायला लावणं एवढाच त्या कंपनीचा धंदा होता. साइटवर जे जादा व्हायचं किंवा कोपऱ्यात टवका उडून नापास व्हायचं ते आमच्याकडे यायचं. बाथरूमच्या दारावर आयाळवाला सिंह होता, त्याच्या तोंडात ओली छत्री अडकवावी तर दुबईत छत्री लागतच नाही, म्हणून आई तिथे पिशव्या अडकवायची. पाहुणे आले की वर छताकडे बघत, किंमत विचारत, दिरहमचे रुपये मोठ्याने करत आणि मग गप्प होत. बाबांना ती शांतता फार आवडे.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. खिडकीतला एसी पहाटेपर्यंत घरघरायचा, मग अझान, मग खाडीवर अब्रांची, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्यांची, इंजिनं सुरू व्हायची, मग देवळातली घंटा, आणि त्यानंतर बाबांचं इटालियन. बाबांना इटालियनचे चारच शब्द येत होते, पण ते चारही ते दाढी करताना मोठ्याने म्हणत. ठाण्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, वालाच्या बिरड्याशिवाय ज्याचा शुक्रवार सरत नसे, तो दुबईत आल्यावर तीन वर्षांत असा काही बदलला की आईने केलेल्या शेवयांच्या उपम्याला पास्ता म्हणू लागला. आई म्हणायची, "नाव काहीही ठेवा, मोहरी तडतडलीच पाहिजे." कंपनीत एक खराखुरा इटालियन होता, त्याला सगळे सिन्योर म्हणत. तो मूळचा कॉफीची यंत्रं दुरुस्त करायला आला होता. मालकांनी त्याचा चेहरा बघून त्याला 'आर्ट कन्सल्टंट' करून टाकलं. गिऱ्हाइकासमोर सूट घालून उभं राहायचं आणि भिंतीला हात लावून मान हलवायची, हे त्याचं काम. कलेतलं त्याला काही कळत नाही हे तो स्वतःच सांगायचा, पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

मला इटलीच्या कलेचा इतिहास चिकटला तो बाबांमुळे. शाळेत माझं इंग्रजी बरं होतं, वर्गात निबंध वाचून दाखवायला मलाच उभं करत, तेव्हा कंपनीची माहितीपत्रकं लिहायचं काम सतराव्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. करामा भागातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बाबांनी जाडजूड चित्रांचा ग्रंथ आणला. संध्याकाळी आई आणि मी मोड आलेले वाल सोलत बसायचो, आणि तो ग्रंथ माझ्यासमोर पाटावर उघडा असायचा. ओल्या चुन्यावर रंग कसा लावतात, गिलावा सुकायच्या आत त्या दिवसाचा तुकडा कसा पुरा करावा लागतो, संगमरवराची पूड चुन्यात मिसळून पुतळे कसे करतात, हे मी वालाची सालं चिकटलेल्या बोटांनी वाचलं. त्या पानांवर अजूनही डाग आहेत. कलावंतांची चरित्रं लिहायची खोड त्या लोकांना फार जुनी, आणि सगळी चरित्रं एकाच साच्यातली. मुलगा मेंढ्या राखत दगडावर चित्र काढत असतो, वाटेने जाणारा मोठा चित्रकार ते बघतो आणि त्याला घेऊन जातो. मेंढ्यांचं पुढे काय होतं ते कोणी लिहीत नाही. मला मात्र त्यात एक गोष्ट खटकली होती. एकेका कारखान्यात वीस-वीस माणसं राबायची, कोणी रंग घोटायचा, कोणी हात काढायचा, कोणी कपड्याच्या चुण्या, आणि खाली नाव एकाचं. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, स्वयंपाकघरातही तसंच आहे, आणि वाल सोलत राहिली.

आता काशिनाथ. तो पेणचा. त्याच्या घरी तीन पिढ्या गणपती होत होते. दुबईत तो आला तो जिप्समचे तक्ते उचलणारा हेल्पर म्हणून, आणि त्याच्या व्हिसावर हुद्दाही हेल्पर असाच होता. बाबांना त्याचा पत्ता लागला तो एका भाद्रपदात. कामगारांच्या कॅम्पमध्ये याने टाकाऊ प्लॅस्टरचा वीतभर गणपती केला होता, आणि तो बघून बाबा घरी आले ते जेवले नाहीत, नुसते फेऱ्या मारत राहिले. त्यांना भक्ती सुचली नव्हती, धंदा सुचला होता. तेव्हापासून कंपनीची इटली शारजाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तयार होऊ लागली. काशिनाथ चाळिशीचा होता, बारीक, पान न खाताही लाल ओठांचा. गावाहून कोणी आलं की त्याच्याबरोबर आमच्याकडे पोह्याचे पापड आणि वाल पाठवायचा. बायको आणि आठ वर्षांची मुलगी पेणला होती. हेल्परला कुटुंब आणायची परवानगी नव्हती. व्हिसावर कारागिराचा हुद्दा आला तरच अर्ज करता येणार होता, आणि त्यासाठी कंपनीने तो देतो म्हणायला हवं होतं. दुसरं काही तो मागत नव्हता.

त्या वर्षी मीना बाजारातल्या एका गुजराती कापडवाल्या शेठनी जुमेराला व्हिला घेतला. दिवाणखान्याला सहा देवदूत हवे होते, माणसाच्या निम्म्या उंचीचे, पंखवाले. करारात लिहिलं होतं, अस्सल इटालियन हातकाम. मालकांनी हिशेब न करताच ठरवलं की काशिनाथ असताना इटलीला कशाला त्रास द्यायचा. बाबांनी काशिनाथला आमच्या घरी बोलावलं, आईने बिरडं-भात वाढला, आणि त्या इटालियन देव्हाऱ्यासमोर बाबांनी त्याला शब्द दिला. हे काम पास झालं की तुझा हुद्दा बदलून देतो, मालकांशी बोललोय, पुढच्या गणपतीला पोरगी इथे असेल. काशिनाथने देव्हाऱ्याला नमस्कार केला, मग बाबांना. जाताना त्याने देव्हाऱ्याच्या खांबावरून बोट फिरवलं आणि मला हळूच म्हणाला की डाव्या खांबाचं फूल त्याच्याकडूनच बिघडलं होतं.

शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा बाबांबरोबर मी त्या शेडमध्ये जायची. बाबांना वाटे मला माहितीपत्रकासाठी 'फील' यावा. काशिनाथसमोर माझ्या ग्रंथातल्या पानांच्या झेरॉक्स चिकटवलेल्या असत. मी त्याला मोठ्या थाटात इटलीचा इतिहास सांगायची, तो प्लॅस्टर कालवत ऐकायचा. संगमरवराच्या पुडीचं सांगितलं तर म्हणाला, आमचा आजा शाडूत कापूस कुटून घालायचा, तडा जात नाय. देवदूत छान उतरत होते. फक्त पोटं जरा भरली होती. हातात फुलांची माळ होती तिथे बोटांची ठेवण मोदक धरल्यासारखी झाली होती, पण ते मलाच दिसत होतं, कारण मी ठाण्याची. बाबांनाही दिसत असावं. त्यांनी मला सांगितलं की माहितीपत्रकात 'सुखवस्तू देवदूत' असं काहीतरी लिही.

मूर्ती गाडीत चढवायच्या त्या शुक्रवारी आम्ही सकाळी शेडवर पोचलो आणि बाबा दारातच थांबले. सहाही देवदूत आमच्याकडे बघत होते. झेरॉक्समधल्या पुतळ्यांचे डोळे पांढरे, कोरे होते. काशिनाथने पहाटे उठून, अंघोळ करून, सहाही जणांच्या डोळ्यांची रेखणी केली होती. वरची काळी रेघ, बारीक पापणी, तपकिरी बुबुळ आणि त्यात पांढरा ठिपका. बाबा इतके चिडले की त्यांचं इटालियन पार गेलं आणि ठाणं बाहेर आलं. अक्कल गहाण टाकली का, सहा महिन्यांचं काम मातीत घातलंस, घासून काढ ताबडतोब. काशिनाथला त्यांचं रागावणं कळत होतं, पण आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. डोळे उघडल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर काढायची नाही, ही त्याच्या घरची रीत. आंधळी मूर्ती लोकांच्या घरी पाठवायची तर पाठवणाऱ्याचे हात झडतील, असं त्याच्या आजाने सांगितलेलं. आधी का सांगितलं नाहीस, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाला, डोळे शेवटीच करतात साहेब, मला वाटलं फोटू काढला तवा त्यांचे व्हायचे होते.

बाबांनी पॉलिश पेपर आणायला सांगितलं. आम्हाला वाचवलं त्या दिवशी आमच्याबरोबर शेडवर आलेल्या सिन्योरने, आणि तेही त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कलेतलं काहीतरी ठाऊक निघालं म्हणून. तो मूर्तीसमोर उकिडवा बसला. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं की तो इटलीच्या पार दक्षिणेचा, त्याच्या गावात संतांच्या मूर्ती संगमरवराच्या नव्हे, कागदाचा लगदा आणि पेंढा यांच्या करतात, आणि रंगवतात, अगदी डोळ्यांसकट. त्याचा आजोबा करायचा. वर्षातून एकदा त्या मूर्ती खांद्यावर घेऊन गावभर बँडबाजाने मिरवतात. आणि जुन्या संगमरवरी पुतळ्यांचेही डोळे कोरे नव्हते, ते रंगवलेलेच होते, पावसापाण्याने रंग गेला आणि जगाला वाटलं की कोरंच खानदानी. मग त्याने काशिनाथचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांनी मात्र यातून काढायचं तेच काढलं. डोळे राहू देत, ते म्हणाले, फक्त त्यांना एक इतिहास पाहिजे. आणि माझ्याकडे बघितलं.

तो इतिहास मी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांत लिहिला. खोटं कशाला बोलू, मला इतकी मजा शाळेच्या कुठल्याच निबंधात आली नव्हती. दक्षिण इटलीत डोळे रंगवणाऱ्या कलावंतांचं एक घराणं, त्यातले शेवटचे मास्तर ऑरेलिओ बोत्तिचिनो. ऑरेलिओ हे बाबांच्या कॅटलॉगमधल्या एका वॉशबेसिनचं नाव होतं, बोत्तिचिनो एका फरशीचं. लहानपणी मास्तर अर्थातच मेंढ्या राखत. गावच्या चर्चमधल्या संताचे डोळे पुसट झालेले बघून त्यांना रडू येतं, आणि मग उभं आयुष्य ते डोळेच रंगवत राहतात. हे सहा देवदूत पुरे करून मास्तरांनी कुंचला खाली ठेवला आणि त्याच आठवड्यात देह ठेवला. मेले ते माझ्या डोक्याने. जिवंत असते तर गिऱ्हाईक भेटायला मागेल, एवढा धोरणीपणा माझ्यात होता. बाबांनी वाचून चष्मा काढला आणि डोळे पुसले. मालकांनी तो मजकूर पितळी पाटीवर कोरून घेतला.

व्हिला ताब्यात द्यायच्या दिवशी मीही गेले, पंजाबी ड्रेस घालून, हातात फाइल घेऊन. शेठ होते, आमचे मालक, बाबा, सूटमधला सिन्योर. काशिनाथ कोपऱ्यात पांढऱ्या रंगाची बादली घेऊन टवके बुजवत होता. मी पाठ केलेली गोष्ट सांगितली, शेठ खूश झाले. मग त्यांची आई आली, त्यांना सगळे बा म्हणत. पांढरी साडी, हातात काठी, वय ऐंशीच्या वर. त्या पहिल्या देवदूतासमोर थांबल्या, मग दुसऱ्या, अशा सहाही बघून परत पहिल्याकडे आल्या. त्यांचं अर्धं आयुष्य गिरगावात गेलं होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"ये तो अपने गणपति की आँख है," बा म्हणाल्या. "किसने बनाया? उसको बुलाओ, मुझे उसका हाथ देखना है."

शेठ आमच्या मालकांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बदलायला लागला होता. मालक बाबांकडे बघत होते. बाबा छताकडे. काशिनाथच्या हातातली टवके बुजवायची पट्टी थांबली होती, आणि तो माझ्याकडे बघत होता, कारण बोलायचं काम माझं होतं. त्याला वाटलं असणार की आता मी सांगणार. मलाही, आजही शपथेवर सांगते, एक क्षणभर तेच वाटलं होतं.

"नहीं, बा," मी म्हटलं. "वो इटली के थे. गुज़र गए."

बा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काठी बगलेत धरली, देवदूताकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांचं बघून शेठनी जोडले, मालकांनी जोडले, बाबांनी जोडले. सिन्योरने छातीवर क्रूस केला आणि रागाने माझ्याकडे पाहिलं. काशिनाथने बादली खाली ठेवली, हात कपड्याला पुसले आणि त्यानेही जोडले. स्वतःच्या श्राद्धाला हजर राहिलेला माणूस मी एकच पाहिला आहे.

पुढचं सगळं रीतसर झालं. आठवड्याने बाबा मालकांकडे काशिनाथच्या हुद्द्याचं विचारायला गेले. मालक म्हणाले, प्रधान, आपल्या फाइलमध्ये मूर्ती इटलीहून आल्यात. मग आपल्याकडे मूर्तिकार कुठून आला? उद्या कोणी विचारलं तर हा माणूस काय करतो म्हणून सांगू? खलास, विषय बंद. बाबा खाली मान घालून परत आले. वाईट त्यांना वाटलं, नाही असं नाही. दोन दिवस त्यांनी दाढी मुकाट्याने केली. पण नोकरी त्यांचीही होती, माझ्या कॉलेजचं वर्ष होतं, आणि बाबांच्या अंगात जेवढं धैर्य होतं तेवढं शब्द देतानाच संपलं होतं. काशिनाथला आमच्याकडे बोलावून सांगायचं ठरलं. आईने पुन्हा बिरडं केलं. बाबा पाणी प्यायले, खाकरले, आणि मलाच म्हणाले की तू सांग, तुला नीट सांगता येतं.

मी काय काय सांगितलं ते मला आठवत नाही, इंग्रजी शब्द बरेच होते. प्रोसीजर, पॉलिसी, नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला. काशिनाथ भाताचा घास संपवेपर्यंत ऐकत राहिला. त्याने ताटात हात धुतला नाही, उठून मोरीत धुतला, आणि टॉवेलने पुसत मला म्हणाला, "मेलेल्या मानसाचा विजा कसा बदलनार, बाय." चढ्या आवाजात नाही. मला समजावून सांगितल्यासारखं. मग आईला म्हणाला की बिरडं झकास झालंय, वाल पेणचेच ना, आणि गेला. करार संपल्यावर तो गावी परतला. आई त्यानंतर कितीतरी शुक्रवार माझ्याशी कामापुरतं बोलली. बाबांशी ती पहिल्यासारखीच बोलायची, आणि त्यात मला फार अन्याय वाटे. आता वाटत नाही. बाबांना खोटं धड बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

माझं पुढे छान झालं, हे सांगायला हवं. इटलीच्या कलेवर बोलणारी बाई म्हणून इथल्या मराठी मंडळींत माझं नाव आहे. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा मी स्लाइड्स दाखवते, बायका वहीत उतरून घेतात, नंतर समोसे असतात. इटलीला मी तीनदा जाऊन आले. दक्षिणेला एकदाच गेले. तिथे एका लहान चर्चमध्ये कागदाच्या लगद्याचा संत होता आणि त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की बसमध्ये जाऊन बसले. काशिनाथचा पेणला आता मोठा कारखाना आहे, मुलगी चालवते. दरवर्षी गणपतीच्या आधी मोबाईलवर त्याच्याकडून मूर्तीचा फोटो येतो, खाली जोडलेले दोन हात. मीही जोडलेले दोन हात पाठवते. बाकी आम्ही कधी काही बोललो नाही.

बा गेल्या, शेठनी व्हिला विकला, आणि जुमेराच्या बऱ्याच व्हिलांचं होतं तेच त्याचं झालं. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. मला ठाऊक नव्हतं. मुलाच्या दातांना तारा बसवायच्या होत्या म्हणून गेल्या महिन्यात गेले, आणि आत पाऊल टाकलं तर सहाही जण माझ्याकडे बघत होते. रंग जराही उडाला नव्हता. रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला पाणी दिलं आणि कौतुकाने सांगितलं की हे फार जुनं इटालियन काम आहे, करणारे मास्तर हे पुरं करून वारले, पेशंट्सना ती गोष्ट फार आवडते. वाक्यं माझीच होती, तिने एक शब्द बदलला नव्हता. माझा मुलगा चौदा वर्षांचा, एरवी कसलीच पाटी न वाचणारा, ती पितळी पाटी अगदी शेवटपर्यंत वाचत उभा राहिला.

"दॅट्स सो सॅड, मॉम," तो म्हणाला. "डिड यू नो अबाउट धिस गाय?"

मी म्हटलं, हो, ओळखते. तो इटलीचा नाही, पेणचा आहे. काशिनाथ नाव. गणपती करतो. चांगला धडधाकट आहे.

"देन व्हाय डज इट से ही डाइड?"

"कारण ते मी लिहिलंय," मी म्हटलं. इतक्या वर्षांत जे काही लिहिलं, त्यातलं धातूवर कोरलं गेलं ते तेवढंच.